बिजलीच्या पायातला बेडूक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मंडळी. नंतर चहाचा घोट तोंडात असताना ठसका लागला तर मला बोल लावू नका. जे सांगणार आहे त्यात एक लंगडी घोडी आहे, एक बेडूक आहे, माझे लोकरीचे मोजे आहेत आणि एक महामूर्ख आहे. तो कोण, असं विचारू नका. तो आत्ता तुमच्यासमोर बशीत चहा ओततोय.

गोष्ट सन चौतीस-पस्तीसच्या सुमाराची. मी तेव्हा नाशकात एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे काय, इंग्रजी भाषा गोदावरीच्या काठी केवळ माझ्या आधारानं उभी आहे असा माझा पक्का समज होता. पंचवटीत कुणाला तार आली, कोर्टाचा कागद आला, की चला मास्तरांकडे!

माझी वाचायची एक पद्धत होती. आधी सगळा मजकूर खड्या आवाजात इंग्रजीत वाचायचा. समोरच्याला ओ की ठो कळत नसे, पण पलीकडच्या आळीपर्यंत वचक बसायचा. मग चष्मा पुसायचा. मग मराठीत अर्थ. आणि खिशात कायम लाल पेन्सिल. पत्र कलेक्टरचं का असेना, स्पेलिंग चुकलेलं दिसलं की माझा हात शिवशिवायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उस्मानभाई राहायचे. त्यांचा टांगा नाशिक रोड स्टेशन ते पंचवटी असा चालायचा. घोडीचं नाव बिजली. पण त्या वैशाखात बिजलीची पार पणती झाली होती. डावा पुढचा पाय टेकला की मान वर झटकायची आणि थांबायची.

आता लंगडी घोडी म्हणजे काय, हे टांगेवाल्याला विचारा. पंधरा दिवसांवर टांग्यांची सरकारी तपासणी आली होती. घोडं लंगडताना दिसलं की टांग्याचा बिल्ला काढून घेत. बिल्ला गेला की टांगा गेला. स्टेशनवर मोटारी सुरू झाल्याच होत्या, त्यामुळे एकदा अड्ड्यावरून उठलेला माणूस परत बसेल याची खात्री नव्हती. आणि बिजलीचं काय? लंगड्या घोडीला कोण दाणा घालणार? उस्मानभाई नुसते तिच्या मानेवरून हात फिरवत उभे राहायचे. मला खरंच वाईट वाटायचं. मला नुसतं वाईट वाटून राहिलं असतं, तर किती बरं झालं असतं!

एक दिवस उस्मानभाई धावत आले. हातात एक चुरगळलेला कागद.

"मास्तरसाब! देवळालीच्या छावणीतला घोड्यांचा डॉक्टर आज टांग्यात होता. गोरा साहेब. स्टेशनावर उतरला, बिजलीचा पाय उचलून बघितला. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. घाईघाईत हे खरडलं, 'नो मेडिसिन, नो मेडिसिन' असं दोन बार बोलला अन् गेला. दवा नको, एवढंच मला समजलं. मग करायचं काय, ते यात लिखेलं असंल. जरा वाचा ना."

मी कागद घेतला. ओट्यावर उभा राहिलो. गल्लीतली दोन-चार माणसं जमेपर्यंत घसा साफ केला. आणि वाचलं.

"नीअर फोर. नो मेडिसिन. कोल्ड होज ट्वाइस डेली. वॉक इन हँड. फ्रॉग मस्ट टच ग्राउंड. इफ इन डाउट, आस्क एनी फॅरिअर."

मग चष्मा पुसला.

पहिल्याच ओळीत साहेबानं माती खाल्ली होती. 'फोर' म्हणजे चार, हे पहिलीचं पोर सांगेल. साहेबानं त्यात 'यू' घालायचा सोडून शेवटी 'ई' चिकटवला होता! मी लाल पेन्सिल काढली आणि दुरुस्त केलं. आता अर्थ लख्ख झाला. नीअर फोर, म्हणजे चारच्या सुमारास.

"अन् पुढं ट्वाइस डेली, म्हणजे दिवसातून दोनदा," मी म्हणालो. "दिवसातून चार किती वेळा वाजतात, उस्मानभाई?"

"दोनदा."

"बघा! पहाटे चार आणि दुपारी चार. किती काटेकोर माणूस असेल हा!"

शेवटच्या ओळीतला 'फॅरिअर' हा शब्द काही माझ्या वाचनात आलेला नव्हता. आणि जो शब्द मला माहीत नाही तो इंग्रजीत असेल कसा? उघडच होतं, गाडीच्या घाईत साहेबानं 'फार्मर'चं वाटोळं केलं होतं. तेही लाल पेन्सिलीनं सुधारलं. शंका आल्यास कोणाही शेतकऱ्याला विचारावे. वा!

उस्मानभाई जरा चाचरत म्हणाले, "मास्तरसाब, एकदा रहमतचाचांना दाखवू का? नालबंद हायेत. वीस साल रिसाल्यात घोड्यांना नाल मारले त्यांनी."

"उस्मानभाई," मी म्हणालो, "साहेबाचं शास्त्र हातात असताना तुम्ही नाल ठोकणाऱ्याला विचारणार?"

बिचारे गप्प बसले. विद्वान माणसाचा हाच तर उपयोग असतो, शहाणी माणसं गप्प बसतात.

आता 'कोल्ड होज'. हा शब्द मात्र मला चांगला ठाऊक होता. शाळेचं कवायत पथक माझ्याकडे होतं, आणि मुंबईहून आलेल्या गणवेशाच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं होतं, 'होज'. म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारे लोकरीचे मोजे! माझे स्वतःचे होते की. कोल्ड होज म्हणजे थंड मोजे. माठातल्या पाण्यात बुडवलेले.

"अहो, ते मोजे कुठे निघाले?" आमच्या हिनं माजघरातून विचारलं.

"बिजलीला."

"बिजली कोण?" हा प्रश्न जरा वेगळ्याच सुरात आला.

"उस्मानभाईंची घोडी."

"घोडीला मोजे? वैशाखात? मी डोळे फोडून विणलेत ते! आणि माठात काय बुचकळताय? आता आम्ही पाणी प्यायचं कशातलं?"

"साहेबाची आज्ञा आहे," मी म्हणालो. हे वाक्य तेव्हा फार ठिकाणी चालायचं. आमच्या घरात चाललं नाही, पण तोवर मी मोजे घेऊन बाहेर पडलो होतो.

घोडीला मोजा घालून बघितलाय कधी तुम्ही? नाही ना? मग सुखी आहात. बिजलीनं पहिल्यांदा माझी टोपी चावली. दुसऱ्यांदा मला. शेवटी उस्मानभाईंनी तिच्या कानात काहीतरी समजूत घातली, तेव्हा कुठे एका पायात मोजा चढला. लोक बघायला आले. एका म्हातारीनं विचारलं, "घोडीचं लग्न आहे का रे?"

पुढची ओळ, 'वॉक इन हँड'. हातात घेऊन चालवा. आता घोडी काही हातात मावत नाही. तेव्हा हातात घ्यायचा तो दुखरा पाय, हे कुणालाही कळेल. उस्मानभाईंनी बिजलीचा पाय दोन्ही हातांत धरायचा आणि वाकून उलटं उलटं चालायचं. बिजली तीन पायांवर उड्या मारत पुढे, उस्मानभाई तिच्यासमोर मागे मागे, आणि मी बाजूला छत्री धरून, "शाबास! आणखी दहा पावलं!"

तीन दिवस हे चाललं. पहाटे चार, दुपारी चार. चौथ्या दिवशी फरक दिसू लागला. घोडीबरोबर उस्मानभाईसुद्धा लंगडायला लागले. कमरेत उसण भरली होती.

"मास्तरसाब, ही बरी होईल ना?" त्यांनी हळूच विचारलं. "तपासणीला नऊ-दहा रोज राहिले."

शहाण्या माणसानं त्याच क्षणी कागद खाली ठेवला असता. मी आणखी जोमानं उचलला. कारण खरी गुरुकिल्ली तर अजून वापरलीच नव्हती.

फ्रॉग मस्ट टच ग्राउंड!

फ्रॉग म्हणजे बेडूक. यात तुम्हाला तरी काही शंका आहे का? मलाही नव्हती. बेडूक जमिनीला टेकला पाहिजे. यावर मी रात्रभर विचार करून उपपत्ती लावली. बेडूक अंगानं गार. दुखऱ्या पायात उष्णता. तेव्हा बेडूक फडक्यात घालून पायाला असा बांधायचा, की तो जमिनीला जेमतेम टेकेल. पायातली उष्णता बेडकात, बेडकातून जमिनीत. औषधाचा एक थेंब नाही! केवढी ही इंग्रजांची बुद्धी, म्हणून मी मान डोलावली.

पण वैशाखात बेडूक आणायचा कुठून? विहिरी आटलेल्या. मी दोन दिवस नदीकाठचे दगड उलथत हिंडलो. शेवटी घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो, तर ही म्हणाली, "मोरीत आहे एक. तीन महिने सांगतेय बाहेर टाका म्हणून. घेऊन जा, आणि परत आणू नका."

बेडूक मिळाला. पण बांधायचा किती वेळ? घटकाभर की दिवसभर? ही शंका. आणि शंका आल्यास काय करायचं, ते कागदावर होतंच. कोणाही शेतकऱ्याला विचारावे. तर मी, उस्मानभाई आणि बिजली, असे तिघं पंचवटीच्या भाजीबाजाराकडे निघालो. तिथे शेतकरी मुबलक.

ऊन मी म्हणत होतं. टोपीखाली मी कडुनिंबाचा पाला घातला होता, तो चारी बाजूंनी बाहेर लोंबत होता. माश्या बसू नयेत म्हणून बिजलीच्या गळ्यातही कडुनिंबाच्या डहाळ्या. तिच्या एका पायात माझा मोजा. आणि माझ्या हातात फडक्यात टांगलेला बेडूक. हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. आलं? आता पुढे ऐका.

चांदवडकडचा एक शेतकरी कांद्याच्या ढिगाशी बसला होता. मी अदबीनं विचारलं, "पाटील, बेडूक किती वेळ टांगायचा?"

त्यानं माझ्या टोपीकडे पाहिलं. बेडकाकडे पाहिलं. घोडीकडे पाहिलं.

"धोंडी काढली व्हय मास्तर? वैशाखातच? लय घाई झाली बगा तुमाला पावसाची!"

झालं! तुम्हाला माहीतच आहे, पाऊस लांबला की आपल्याकडच्या खेड्यांत धोंडी काढतात. एकानं अंगाला कडुनिंब बांधायचा, फडक्यात बेडूक टांगायचा आणि दारोदार फिरायचं. ज्याच्या त्याच्या दारातल्या बायांनी त्याच्यावर पाणी ओतायचं. पाणी जितकं जास्त, तितकं पुण्य जास्त.

"धोंडी नाही हो, हा इलाज आहे!" मी ओरडलो.

"पावसाला धोंडीच इलाज हाय," तो म्हणाला, आणि त्यानं हाक दिली, "अगं ए, पानी आना गं! मास्तर धोंडी घेऊन आल्यात!"

भाजीवाल्या बाया तशा धर्मभोळ्या, आणि भाजीवर शिंपडायला पाणी प्रत्येकीच्या शेजारी भरलेलं. पहिली घागर माझ्या डोक्यावर. दुसरी तोंडावर. तिसरी आली ती म्हणाली, "मास्तर, माझ्या पोराला गणितात नापास केलं न्हवं?" आणि तिनं ती जरा लांबून, जोरात फेकली. मी गणित शिकवत नाही हे सांगायला तोंड उघडलं, ते चौथ्या घागरीनं भरलं.

या धामधुमीत फडकं सुटलं. बेडूक उडाला तो बिजलीच्या पाठीवर, तिथून कांद्याच्या ढिगावर, आणि तिथून खाली. म्हणजे बेडूक जमिनीला टेकला! साहेबाची अट पुरी झाली. आणि गुण तरी किती लगोलग यावा? बिजली उधळली.

लंगडी का होईना, पण उधळली. मोजा पायात तसाच. मागे उस्मानभाई कमरेवर हात ठेवून, "बिजली! बेटी, रुक!" त्यांच्या मागे मी, निथळत. आमच्या मागे अर्धा बाजार.

बिजली गेली ती थेट नदीवर, खालच्या अंगाला, जिथे लोक गुरं धुतात. पाण्यात शिरली आणि गुडघ्याइतक्या पाण्यात शांत उभी राहिली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिनं तो पाय पुरता टेकवला होता. डोळे मिटून घेतले बाईसाहेबांनी.

काठावर रहमतचाचा बिडी ओढत बसले होते. त्यांनी बिजलीकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उस्मान, घोडीको मोजा कोन पहनाया?"

उस्मानभाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी ओल्या खिशातून तो कागद काढला, चष्म्यावरचं पाणी झटकलं, ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "चाचा, हे साहेबाचं शास्त्र आहे. ऐका." आणि खड्या आवाजात सगळं वाचलं. शेवटी 'फार्मर' असं सुधारून वाचणार होतो, पण लाल पेन्सिल पाण्यानं पसरली होती. साहेबाचा 'फॅरिअर'च तेवढा दिसला, तो वाचला.

रहमतचाचा आधी खोकले. मग हसले. मग हसता हसता वाळूत आडवे झाले.

"मास्तर, नीअर फोर म्हणजे डावा पुढचा पाय. घोड्याचं डावं अंग म्हणजे नीअर. होज म्हणजे पाण्याची नळी. छावणीत नळीनं पायावर थंड पाणी सोडतात. आपल्याकडं नळी नाय, तर नदी हाय. घोडीला समजलं बघा, ती उभी हाय तिथं! इन हँड म्हणजे दोरी धरून चालवायचं, वर कोणी बसायचं नाय."

"आणि फ्रॉग?" मी क्षीण आवाजात विचारलं.

चाचांनी पाण्यात शिरून बिजलीचा पाय उचलला, मोजा काढून माझ्या हातात दिला आणि खुराच्या तळाशी मधोमध असलेल्या मऊ, तिकोनी भागावर बोट ठेवलं. "आम्ही याला पुतळी म्हणतो. गोरे लोक फ्रॉग म्हणतात. नाल जाड ठोकलाय कुणीतरी, टाच उंच झाली. पुतळी अधांतरी ऱ्हायली, जमिनीला टेकतच नाय. म्हणून दुखतंय."

"आणि... फॅरिअर?"

"फॅरिअर?" चाचांनी दोन बोटांनी स्वतःच्या छातीवर टकटक केलं. "नालबंद!"

मंडळी, त्या वेळी गोदावरीला पूर असता तर बरं झालं असतं. वैशाख होता, बुडायला पुरेसं पाणीही नव्हतं.

चाचांनी त्याच दिवशी नाल उपटला, टाच घासून खाली आणली. रोज सकाळ-संध्याकाळ बिजली नदीत उभी राहायची, मग मऊ वाळूत दोरीनं फिरायची. चार-पाच दिवसांनी पातळ नाल ठोकला. दवा नाही, लेप नाही, काही नाही. तपासणीच्या दिवशी मी झाडामागं उभा राहून बघत होतो. तपासणीवाल्यानं बिजलीला दोनदा दुडकी पळवलं. मान एकदाही झटकली नाही. बिल्ला राहिला! उस्मानभाईंनी तिच्या कपाळावर कपाळ टेकलं, आणि माझेही डोळे भरून आले. गुन्हेगाराला असा आनंद दुसऱ्या कुणापेक्षा जास्तच होतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी जिवंत होतो ना!

महिन्याभरानं टांग्यांच्या अड्ड्यावरून जात होतो, तर उस्मानभाईंनी हाक मारली. सगळे टांगेवाले चहा पीत बसलेले, मध्ये रहमतचाचा. "मास्तरसाब, तो साहेब पुन्हा भेटला! बिजलीला बघून खूश झाला. मी त्याला त्याचाच कागद दाखवला. लाल खुणा बघून विचारलं, हे कुणी केलं? मी बोललो, आमच्या मास्तरांनी. अन् काय काय इलाज केले तेही सांगितलं, मोज्यापासून बेडकापर्यंत. चाचा दुभाषे होते. साहेब लई हसला. मग खाली तुमच्यासाठी काहीतरी लिहून दिलं. वाचा ना."

माझं नाव साहेबापर्यंत गेलं! छाती फुगली. सवयीनं घसा साफ केला, आणि सवयीनंच, आधी नजर न टाकता, खड्या आवाजात वाचून मोकळा झालो. "मेअर साउंड. स्कूलमास्टर लेम. नो मेडिसिन. कम्प्लीट रेस्ट."

वाचून झाल्यावर अर्थ डोक्यात शिरला. घोडी ठणठणीत. मास्तर लंगडा. औषध नाही. पूर्ण विश्रांती द्या.

मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"काय लिहिलंय?" उस्मानभाईंनी विचारलं.

"साहेब म्हणतो," मी म्हणालो, "घोडी उत्तम आहे. मास्तर विद्वान आहे. त्याला औषधाची... म्हणजे, कशाचीही गरज नाही. त्यानं आता आराम करावा."

सगळे टांगेवाले "वा वा" म्हणाले. रहमतचाचांनी मात्र बशी शांतपणे खाली ठेवली.

"मास्तर, 'लेम' म्हणजे विद्वान?"

"होय."

"बीस साल रिसाल्यात रोज हा शब्द ऐकला," चाचा म्हणाले. "सकाळी साहेब यायचा अन् बोलायचा, ये घोडा लेम, वो घोडा लेम. आमच्या तबेल्यात इतके विद्वान होते, हे आज समजलं!"

तुम्ही कधी नाशकात टांग्यानं गेलात आणि घोडं जरा पाय ओढू लागलं, तर टांगेवाल्याला काय झालं म्हणून विचारा. तो खाली उतरेल, खूर उचलून बघेल आणि गंभीरपणे सांगेल, "काही नाही साहेब, आज जरा विद्वान झालाय."